बाटलीबाहेरचा जेलीफिश

मंगळवारी सकाळी सुजाता कॉलेजला निघाली. जिन्यात बसली. शेजाऱ्यांनी मला हाक मारली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं, ती गेली.

सुजाता माझी बायको. ती प्राणिशास्त्र शिकवायची. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि तिच्याआधी निवृत्त झालो होतो. जलदानविधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घरात तिच्या पुस्तकाची प्रुफं राहिली.

पुस्तक लहानसं होतं. आमच्या कॉलेजात येणारी बरीच मुलं खेड्यांतली. कुणी पाचोडहून एसटीनं येतो, कुणी शेंद्र्याच्या कंपनीत रात्रपाळी करून तसाच तासाला बसतो. इंग्रजी पुस्तकातली नावं त्यांच्या घशात अडकतात. त्यांच्यासाठी सुजाता निडारिया या प्राणिसंघावर मराठीत लिहीत होती. या संघातल्या सगळ्यांकडे दंशपेशी असतात, ही त्यांची खूण. त्यातला हायड्रा ती हर्सूलच्या तलावातून आणायची, काचपट्टीवर ठेवून मुलांना जिवंत दाखवायची. प्रवाळ आणि जेलीफिश मात्र आमच्या वाट्याला बाटलीतच आलेले.

प्रयोगशाळेतली ती बाटली मीही पाहिली होती. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला दुधट पांढरा गोळा तळाशी बसलेला, त्याच्या चार झालरी वर आलेल्या. कॉलेजातल्या प्रत्येक मुलानं जेलीफिशचं चित्र त्यावरूनच काढलं आणि त्यावर मार्क मिळवले. सुजातानंही पुस्तकासाठी त्यावरूनच काढलं. एकेक ठिपका देऊन केलेली छाया, बाणांची सरळ टोकं, खाली तिची बारीक सही. छापखान्यात सगळं तयार होतं. ती मात्र म्हणायची, “हे चित्र जाऊ द्यायला मन घेत नाही. मी जिवंत जेलीफिश कधी पाहिलेलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर जाऊ, मग देऊ.”

ती उन्हाळ्यात गेली. छापखान्याचे मालक भले गृहस्थ. अधूनमधून फोन करून एवढंच म्हणायचे, “सर, घाई नाही. तुम्ही हो म्हणालात की मशीनवर घेतो.” मी हो म्हणत नव्हतो. चित्राचं कारण खरं होतं; पण मी हो म्हटलं की तिच्यासाठी करायचं असं काहीच उरणार नव्हतं, हेही खरं होतं.

शेवटी संगीतानंच ठरवलं. ही सुजाताची धाकटी बहीण. पाचोडला अंगणवाडी सेविका आहे. दिवाळीनंतर पिशवी घेऊनच दारात उभी राहिली.

“दाजी, बॅग भरा. ताईला जायचं व्हतं ना समुद्रावर? आपून जाऊ.”

“तुझी अंगणवाडी?”

“सुट्टी हाय. आन् नसती तरी गेले असते. तुमी काय उठणार नाय इथून आपसूक.”

मी प्रुफं आणि सुजाताचं भिंग बॅगेत ठेवलं.

देवबाग, पहिला दिवस

मालवणच्या पुढे देवबाग नावाची गावपट्टी आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माड आणि घरं. एका घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या. घरच्या काकी बोलक्या. काका रापणीला जातात, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर.

सामान ठेवून आम्ही थेट पाण्याकडे गेलो. मी समुद्र पूर्वी एकदोनदा पाहिला होता, संगीतानं पहिल्यांदाच पाहिला. तिनं आधी लाटेत पाय घातला. मग म्हणाली, “आमच्या बाजारात समुद्र म्हंजी सुकट आन् बोंबील. वाळलेला. ह्यो तर लई ओला हाय वो, दाजी.” आणि तोंडाला पदर लावून हसली. सुजाता गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होतो.

संध्याकाळी भरतीच्या रेषेवर तिला एक निळी टिकली दिसली. बटणाएवढी चकती, भोवती निळे धागे.

“सापडली की! लगेच सापडली!”

मी भिंगातून पाहिलं आणि प्रूफ काढलं. सुजातानं या टिकलीवर एक परिच्छेद लिहिला होता. हिला पॉर्पिटा म्हणतात. किनाऱ्यावरचे लोक हिलाही जेलीफिशच समजतात, पण ही त्या वर्गातली नव्हे. हायड्राच्या वर्गातली आहे, आणि एक प्राणी नसून पुष्कळ लहान प्राण्यांची वसाहत आहे. पेटीच्या आकाराचा एक विषारी प्रकार असतो, त्याचाही वर्ग वेगळा. खरे जेलीफिश म्हणायचे ते फक्त स्कायफोझोआ या वर्गातले. ते एकेकटे असतात, आणि मोठेपणी उपड्या वाटीसारख्या छत्रीच्या रूपात तरंगतात.

“मंग ही कोण?”

“चुलत घराण्यातली.”

“आडनाव एक, भावकी येगळी,” संगीता म्हणाली. वर्गीकरण इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मी जन्मभर पुस्तकं विषयवार लावली. सुजाता प्राणी लावायची. जेवताना आमचं याच्यावर बोलणं चालायचं. माझं म्हणणं, पुस्तक दोन विषयांत बसू शकतं. ती म्हणायची, “प्राणी नाही बसू शकत. त्याचा पूर्वज एकच असतो.”

रात्री काकींनी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी वाढली. संगीतानं पिशवीतून पाचोडहून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. काकींना चटणी इतकी आवडली की त्यांनी बरणी धुऊन आणली आणि पुढे केली. “ह्यात घाला आणि रेसिपी सांगा,” म्हणाल्या. संगीता म्हणाली, “रेशिपी काय नाय. खलबत्ता आन् राग पायजे.”

दुसरा दिवस

सकाळभर आम्ही किनारा धुंडाळला. मी पांढरा गोळा शोधत होतो. दोन वेळा पाय घसरला, कशावरून ते पाहिलंसुद्धा नाही. ऊन चढल्यावर हात हलवत परत आलो. काकी अंगणात सुकी मासळी उलटत होत्या.

“गावली?”

“एकही नाही.”

“एक पण नाय? अवो, चार दिस झाले, सगळीकडे पडली हत. तुमी बघलात खय?”

त्या स्वतः उठून आमच्याबरोबर आल्या. घरापासून जवळच थांबल्या आणि पायानं वाळूकडे दाखवलं. तिथे काहीच नव्हतं. मी खाली बसलो तेव्हा दिसलं. काचेच्या बशीसारखं काहीतरी वाळूवर होतं, त्यातून खालची वाळू जशीच्या तशी दिसत होती. माझ्याच पायाचा ठसा त्याच्या अर्ध्यावर उमटलेला होता.

आमच्याकडच्या माणसाचीच ही चूक. आम्ही जेलीफिश पांढरा म्हणून ओळखत होतो. तो पांढरेपणा फॉर्मॅलिनचा आहे हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. डोळे मात्र बाटलीवरच वाढलेले. सकाळभर मी ज्याला शोधत होतो त्याच्यावरून चालत होतो.

काकी म्हणाल्या, “हो मेलेलो. जितो बघूचो असलो तर उद्या रापणीर या. जाळ्यात खूप येतत. आमका त्येंचो ताप. पण हात लावू नुको हां, खाज येता.”

दुपारी मी संगीताला प्रूफ वाचून दाखवलं. सुजाताची वाक्यं आखूड असतात. “जेलीफिश मासा नाही. त्याला डोकं नाही, म्हणून पुढे-मागे नाही. वर आणि खाली एवढंच आहे. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. तोंड एक. अन्न आत जातं ते त्याच दारानं, उरलेलं बाहेर येतं तेही त्याच दारानं. बाहेर एक पेशींचा थर, आत एक. मध्ये जेली, आणि जेलीत बहुतेक पाणी.”

संगीता भिंतीला टेकून ऐकत होती. “ताईच बोलतीया असं वाटतं,” म्हणाली. “आजून वाचा.”

मी जीवनक्रमाचा भाग वाचला. जेलीफिशचं पिल्लू आधी खडकाला चिकटतं आणि लहान देठासारखं वाढतं. मग त्या देठाला आडव्या खाचा पडत जातात, बशांची चळत रचल्यासारखं दिसतं. वरची बशी सुटते, मग तिच्याखालची. प्रत्येक सुटलेली बशी पोहायला लागते आणि तिचा जेलीफिश होतो. “आणि देठ?” संगीतानं विचारलं. देठ खडकावर राहतो, पुन्हा वाढतो.

मग तिनं चित्र मागितलं. बराच वेळ पाहिलं. “किती निगुतीनं काढलंय,” एवढंच म्हणाली आणि परत दिलं.

तिसरा दिवस

रापण कशी असते ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. होडी जाळं घेऊन निघते, समुद्रात मोठा अर्धगोल सोडत जाते आणि दुसऱ्या बाजूनं किनाऱ्याला लागते. जाळ्याचे दोन्ही दोर जमिनीवर. मग दोन्हीकडे माणसांची रांग लागते आणि दोर ओढला जातो, कंबरेनं, मागे मागे सरकत. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याशी येतो आणि पुन्हा धरतो. तिथे एक रीत आहे. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो. मग तो गावचा असो की वाटेनं जाणारा.

आम्ही बाजूला उभे होतो. काकांनी आवाज दिला, “काय ओ मास्तर, बघत काय ऱ्हवलात? वडा!”

मी मास्तर नाही असं सांगायला वेळ नव्हता. संगीतानं पदर खोचला आणि रांगेत शिरली. मग तिच्या पुढे मी. दोर खारट, खरखरीत आणि जड. थोड्याच वेळात माझ्या हातांची आग व्हायला लागली. “दाजी, कव्हर लावल्यालं पुस्तक नाय ते, जोर लावा!” संगीता मागून ओरडली. सगळे हसले. मीही हसलो. हसतोय हे लक्षात आलं आणि मला जरा वेळ दोर नीट धरता आला नाही. पुढच्या माणसानं मागे वळून पाहिलं आणि त्याच्या बाजूनं थोडं जास्त ओढलं. त्याचं नाव मला माहीत नाही. त्याचे आभार मी इथे मानतो.

जाळं किनाऱ्याला लागलं. तारली, बांगडे, आणि त्यांच्यात मिसळलेले जेलीफिश. बरेचसे जाडजूड, मोठ्या भुईछत्रासारखे, छत्रीच्या कडेला एकही शुंडक, म्हणजे लोंबता धागा, नसलेले. हे सुजाताच्या पुस्तकात दुसऱ्या पानावर आहेत. यांना मधलं मोठं तोंड नसतं. झालरी एकमेकींना जुळून गेलेल्या असतात आणि त्यांच्यावर बारीक बारीक तोंडं असतात. वर्ग तोच, गण वेगळा. मला हवा होता तो कडेला शुंडकांची बारीक किनार असलेला, बाटलीतल्याच्या जातीचा.

वाटे पडले. काकांनी आमच्यासाठी माडाच्या झावळीवर बांगडे ठेवले.

मी म्हटलं, “काका, मला मासे नकोत. माझ्या वाट्याला एक जेलीफिश द्या. जिवंत.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जो हशा उठला तो होडीपर्यंत गेला असेल. कुणी म्हणालं, “मास्तरांका सगळे दिया! दर दिसाक येवा म्हणा!” काका हसता हसता थांबले. “कित्याक व्हयो?”

मी सांगितलं. बायको हे शिकवायची, तिनं कधी पाहिला नाही, ती गेली, तिच्या पुस्तकातलं चित्र बरोबर आहे का ते पाहायचं आहे. किनाऱ्यावर उभं राहून इतक्या अनोळखी माणसांना मी हे पहिल्यांदाच सांगत होतो. काका बादली घेऊन कंबरभर पाण्यात गेले, जाळ्याच्या ज्या भागाची अजून वाळूशी गाठ पडली नव्हती तिथे वाकले, आणि बादली हळू, न हिंदकळू देता घेऊन आले.

“हो तुमचो वाटो. आणि ते बांगडेय न्हेवचे. हात लावलो तो वाटो सोडूचो नसता.”

बादलीत आधी फक्त पाणी दिसलं. मग पाणी मिटलं आणि उघडलं.

कडेनं केसासारखी शुंडकं. मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चार जांभळट कमानी, वरूनच दिसणाऱ्या. त्या जननग्रंथी. खाली लोंबणाऱ्या चार झालरी, म्हणजे मुखबाहू, आणि त्यांच्या मधोमध तोंड. भिंग धरलं तेव्हा कडेच्या खाचा सापडल्या. एकूण आठ असतात. प्रत्येकीत एक ठिपका असतो, उजेड ओळखणारा, आणि त्याच्याशी तोल सांगणारे कण. सगळं तिनं लिहिल्याप्रमाणे जिथल्या तिथे होतं. मी एकेक भाग बोटानं दाखवत मोठ्यानं नाव घेत होतो आणि रापणीची माणसं बादलीभोवती वाकून ऐकत होती.

छत्री मिटत होती आणि आपसूक उघडत होती. सुजातानं लिहिलं आहे, “मिटायला स्नायू लागतात. उघडायला लागत नाहीत. मिटताना दबलेली जेलीच तिला पुन्हा उघडते.” हे वाक्य मी प्रुफात अनेकदा वाचलं होतं, चुका तपासत. त्या सकाळी ते मला समजलं.

तेवढ्यात संगीतानं बादलीत हात घातला. “आग्गं बया!” म्हणून हात झटकला. मनगटाजवळ लाल रेघ उठली. मी पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली काढून तिच्या हातावर ओतली. आमच्याकडे नळाला पाणी कधीतरी येतं. भाजलं, चावलं, काही झालं तरी गोडं पाणी हाच पहिला उपाय आणि पहिली मायाही तीच. संगीता आणखी जोरात ओरडली. काकांनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि तिचा हात समुद्राच्या पाण्यात धरला. गोड्या पाण्यानं उरलेल्या दंशपेशीही फुटतात. हेही पुस्तकात आहे.

“तुमी वाचलंय ना त्ये?” संगीता डोळे पुसत म्हणाली.

“वाचलंय.”

“मंग ताईनं लिवलं कुणासाठी?”

आग थोड्या वेळात उतरली. काकांनी जेलीफिश पुन्हा पाण्यात सोडला. आम्ही माडाखाली बसलो, आणि मी चित्र काढून मांडीवर ठेवलं.

ते चुकलं होतं. नावं आणि मोजणी बरोबर होती, पण प्राणी मेलेला होता. छत्री थाळीसारखी चपटी, शुंडकं एकमेकांना चिकटून एकच जाड किनार झालेली. झालरी वर, कारण बाटलीत तो उलटा बसला होता. आणि ती ठिपक्यांची सुंदर छाया, जिच्यामुळे तो भरीव पांढरा दिसत होता, ती सगळ्यात चुकीची.

“मी हेच ठेवणार,” मी म्हणालो. “खाली लिहू, बाटलीतल्या नमुन्यावरून.”

संगीता हातावरची लाल रेघ पाहत राहिली. मग म्हणाली, “मागं मी अंगणवाडीसाठी बेडकाचा चार्ट केला व्हता. दोन दिस बसून. ताई आली, बघितला, आन् फाडला. म्हणली, बेडकाच्या फुडच्या पायाला चार बोटं असत्यात, तू पाच काढली. म्या म्हणलं, अंगणवाडीची पोरं काय बोटं मोजत्यात व्हय? तर म्हणती, मोजत्यात. तूच मोजत नायस.”

“मला कधी सांगितलं नाही तिनं.”

“म्या तरी कशाला सांगू? आठ दिस बोलले नाय तिच्याशी. मंग चार बोटांचा काढला.” ती माझ्याकडे वळली. “दाजी, तिनं माझा फाडला. सोताचा ठेवला असता का?”

मी चित्राखालची सुजाताची बारीक सही पाहिली. तिच्या हातचं चित्र काढून त्या जागी दुसरं काही ठेवायचं नाही, एवढंच मला कळत होतं. पण ती मुलं, रात्रपाळी करून तासाला बसणारी, पुढेही तेच मेलेलं चित्र काढणार होती. सुजातानं छापखान्याला थांबवलं होतं ते त्यांच्यासाठी.

“नसता ठेवला,” मी म्हणालो.

“मंग द्या पेन्सिल.”

तिनं काढायला घेतलं. मी सांगत होतो, ती रेघ ओढत होती. “कमान आजून फाकवू का?” “थोडी.” “झालर खाली?” “खाली. मोकळी.” एकदा पुन्हा पाहायला हवं म्हणून आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात गेलो, तेव्हा दोनतीन आमच्यापासून जरा दूर मिटत-उघडत चालले होते. छाया द्यायची नाही असं तिनंच ठरवलं. “पारदर्शक हाय तर ठिपके कशाला?” तिची अक्षरं सुजातासारखी नाहीत. रेघ थोडी सारखी आहे.

दुपारी काकींनी वाट्याचे बांगडे तळले. आम्ही दोघांनी पोटभर खाल्लं.

परत

निघताना काकींनी कोकम आणि आंबोळीचं पीठ बांधून दिलं, आणि काकांनी संगीताला एसटीपर्यंत चिडवलं. पुस्तक आलं की एक प्रत पाठवा, म्हणाले. पाठवली आहे.

घरी पोचल्यावर मी छापखान्यात गेलो, नवं चित्र दिलं आणि हो म्हणालो. मालकांनी जुनं चित्र परत दिलं, दोन्ही हातांनी.

पुस्तक छापून आलं. लेखिका म्हणून सुजाताचं नाव आहे, जेलीफिशच्या चित्राखाली संगीताचं. सुजाताचं जुनं चित्र माझ्या कपाटात आहे. तिच्यासाठी करायचं असं माझ्याकडे आता काही काम नाही.